समनामींचे वाङ्मय

इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात मॅग्नेशियाच्या डिमीट्रिअस या ग्रीक विद्वानाने एक संदर्भग्रंथ रचला. त्याचा विषय होता एकाच नावाचे वेगवेगळे कवी आणि लेखक. मूळ ग्रंथ आज उपलब्ध नाही. तिसऱ्या शतकात डायोजनीस लाएर्शियसने तत्त्वज्ञांची चरित्रे लिहिताना तो सढळपणे वापरला, म्हणून त्याच्या स्वरूपाची कल्पना येते. थेलीसचे चरित्र संपले की थेलीस नावाचे आणखी पाच जण हजर होतात. त्यांतला एक सिसिऑनचा चित्रकार, तर एक कृत्रिम शैलीचा वक्ता. थिओडोरस नावाचे वीस जण मोजलेले आहेत आणि डिमीट्रिअस नावाचेही वीस. याद्या रूक्ष आहेत, पण त्यांची गरज खरी होती. हस्तलिखितावर नुसतेच नाव असले, की ग्रंथ कोणत्या थिओडोरसचा हे ठरवल्याशिवाय त्यावर पुढे काही बोलता येत नसे.

एकाच नावाच्या अनेक व्यक्तींवर लिहिलेल्या वास्तवपर ग्रंथांची परंपरा इथून दिसू लागते. तिला सर्वमान्य नाव नाही आणि ग्रंथालयांत तिच्यासाठी वेगळे कपाट नसते. तिची पुस्तके चरित्र, संदर्भकोश, धर्मचर्चा, विनोद, पत्रकारिता आणि समाजशास्त्र अशा वेगवेगळ्या विभागांत विखुरलेली आहेत. तरी या विस्तारात दोन प्रेरणा ओळखू येतात. पहिली प्रेरणा वेगळे काढण्याची: नावामुळे एकमेकांत मिसळलेल्या व्यक्ती सोडवून ज्याचे कर्तृत्व त्याला देणे. दुसरी एकत्र आणण्याची: ज्यांचा परस्परांशी काही संबंध नाही अशा माणसांना निव्वळ नावाच्या आधारावर एका पंक्तीला बसवणे आणि त्यातून काही उलगडते का ते पाहणे. पहिलीचे वय दोन हजार वर्षांहून जास्त आहे. दुसरी ठळक झाली ती जेमतेम दीडशे वर्षांपूर्वी, आणि तिचा खरा भर गेल्या पाव शतकातला.

वेगळे काढण्याच्या कामाला शास्त्राचा दर्जा दिला तो अरबी विद्वानांनी. हदीस ग्राह्य धरायची की नाही, हे ती सांगणाऱ्यांच्या साखळीवर ठरते. साखळीतला एक माणूस विश्वासार्ह आणि त्याच नावाचा दुसरा बेभरवशाचा असेल, तर दोघांची गल्लत म्हणजे धर्मनिर्णयातली चूक. त्यामुळे कथनकर्त्यांची नावे पारखण्याच्या स्वतंत्र शाखा निर्माण झाल्या. एक शाखा लिहिताना सारख्या दिसणाऱ्या पण उच्चारात वेगळ्या नावांची. दुसरी लेखन आणि उच्चार दोन्ही सारखे असूनही माणसे वेगळी असणाऱ्या नावांची. या दुसऱ्या शाखेतला प्रमाणग्रंथ अल्-खतीब अल्-बगदादी (१००२–१०७१) याचा. तेराव्या शतकातल्या इब्न अस्-सलाहने याच शाखेचे उदाहरण म्हणून खलील इब्न अहमद नावाचे सहा जण नोंदवले. त्यांतला पहिला म्हणजे अरबी छंदःशास्त्राचा जनक. बापाच्या नावासकट सहा माणसे सारखी असू शकतात हे एकदा लक्षात आले, की त्या व्यवस्थेत कुळ, गाव, धंदा आणि मुलाच्या नावावरून पडलेली ओळख एवढी सगळी लांबण का लावली जाते ते समजते.

याच संस्कृतीत समनामींवरच्या पुस्तकांनी आणखी एक वळण घेतले. इब्न अल्-जर्राह याने 'अम्र' नावाच्या कवींचे एक स्वतंत्र पुस्तक केले. हा बगदादच्या दरबारातला मोठा अधिकारी; ९०८ मध्ये एक दिवस टिकलेल्या खलिफाचा तो वजीर झाला आणि त्यातच मारला गेला. अरबी लिपीत अम्र आणि उमर ही नावे एकसारखी दिसतात, म्हणून अम्रच्या शेवटी न उच्चारले जाणारे एक अक्षर जोडण्याची पद्धत आहे; म्हणजे समनामींची काळजी तिथे लिपीनेही घेतली. पुढे अल्-किफ्ती (११७२–१२४८) याने मुहंमद नावाच्या कवींचा असाच संग्रह केला. या ग्रंथांत घोळ सोडवण्याची निकड फारशी उरलेली दिसत नाही. नाव हे संग्रहाचे निमित्त झाले आहे, आणि मुहंमद या नावाच्या बाबतीत त्यात आदरही मिसळला आहे. अल्-खतीबच्या 'बगदादचा इतिहास' या ग्रंथातल्या हजारो चरित्रांची सुरुवात वर्णक्रम मोडून मुहंमदांपासून करण्यामागे हीच भावना होती. चीनमध्येही सहाव्या शतकातला लिआंग घराण्याचा सम्राट युआन याच्या नावावर प्राचीन-अर्वाचीन समनामींची एक नोंदवही आहे.

युरोपात हा प्रश्न सर्वांत तापला तो एका स्त्रीच्या नावावरून. इसवी सनाच्या आरंभीच्या पॅलेस्टाइनमध्ये मरिया हे नाव इतके प्रचलित होते, की शुभवर्तमानांत अनेक मरिया आढळतात. ५९१ मधल्या एका प्रवचनात पोप पहिला ग्रेगरी याने मग्दालाची मरिया, बेथानीची मरिया आणि लूकच्या शुभवर्तमानातली पापी स्त्री या तिघींना एकच ठरवले. यातल्या तिसरीचे नाव मूळ मजकुरात आलेलेच नाही. तरीही पुढची हजार वर्षे पाश्चात्य ख्रिस्ती जगाने मग्दालियाला पश्चात्ताप करणारी वेश्या म्हणून चितारले. १५१७ मध्ये जाक लफेव्र देताप्ल या फ्रेंच पंडिताने त्या तिघी वेगळ्या असल्याचे सांगणारी पुस्तिका काढली. इंग्लंडच्या बिशप जॉन फिशरने तिला उत्तर दिले, आणि १५२१ मध्ये पॅरिसच्या धर्मशास्त्र विद्याशाखेने लफेव्रचे मत निषिद्ध ठरवले. रोमन कॅथलिक पंचांगाने मग्दालिया आणि बेथानीची मरिया यांना वेगळे मानले ते १९६९ मध्ये. समनामींचा गुंता सोडवणे हे निरुपद्रवी कारकुनी काम नाही, याचे याहून ठळक उदाहरण सापडणे कठीण. एकदा तयार झालेली संयुक्त व्यक्ती चित्रांत, प्रवचनांत, संस्थांच्या नावांत वस्ती करते आणि तिला मोडण्यात अनेकांचे नुकसान असते.

भारतीय वाङ्मयेतिहासाला हा त्रास नवा नाही. राजशेखराच्या नावावर असलेल्या एका श्लोकात तीन कालिदासांचा उल्लेख येतो. आर्यभट दोन आहेत आणि भास्करही दोन. त्यांतला दुसरा भास्कर म्हणजे 'लीलावती'चा कर्ता, ज्याच्या घराण्याची माहिती चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात मिळते. व्याकरणकार पतंजली आणि योगसूत्रकार पतंजली एकच की दोन, हा वाद अजून मिटलेला नाही. मराठीत सर्वांत गुंतागुंतीचा प्रश्न नामदेवांचा. तेराव्या-चौदाव्या शतकातले संत नामदेव आणि सोळाव्या शतकात ओवीबद्ध महाभारत रचणारा विष्णुदास नामा या दोघांच्या रचना गाथ्यांत अशा मिसळल्या, की 'नामा म्हणे' एवढ्या मुद्रेवरून अभंगाचा कर्ता ठरत नाही. इथे भक्तिपरंपरेचा स्वभावच आड येतो. थोरल्याच्या नावाने रचना करणे ही तिच्यात लबाडी मानली जात नाही.

ज्ञानेश्वरांच्या बाबतीत वाद उलट दिशेने पेटला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'सुधारक' पत्रातून 'भारद्वाज' या टोपणनावाने शि. ए. भारदे यांनी ज्ञानेश्वरी लिहिणारे ज्ञानेश्वर आणि अभंग रचणारे ज्ञानदेव या दोन भिन्न व्यक्ती असल्याचे मांडले. बहुतेक अभ्यासकांनी ते मत स्वीकारले नाही. पण ते खोडून काढण्याच्या निमित्ताने भाषा, काळ आणि संप्रदाय यांचे पुरावे तपासण्याची शिस्त मराठी संशोधनाला लागली, हे श्रेय त्या वादाकडे जाते. पुढे सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांनी 'प्राचीन चरित्रकोशा'त (१९३२) समनामींना सरळ क्रमांक देऊन टाकले. पुराणातली वंशावळ वाचताना एका जनमेजयाकडून नकळत दुसऱ्याकडे घसरणाऱ्या वाचकाला त्या कोरड्या आकड्यांची किंमत कळते.

राजघराण्यांत नाव हा वारशाचाच भाग असतो, म्हणून तिथले समनामी आपोआप मालिकेत बसतात. विल्यम मेकपीस थॅकरे याने १८५५–५६ मध्ये अमेरिकेत दिलेली आणि १८६० मध्ये नियतकालिकातून छापलेली 'द फोर जॉर्जेस' ही व्याख्याने या प्रकारातला महत्त्वाचा टप्पा आहेत. १७१४ ते १८३० या काळात इंग्लंडच्या गादीवर बसलेले चार जॉर्ज त्याने राजकारणाऐवजी चालीरीती, दरबार आणि स्वभाव यांच्या अंगाने रंगवले. नाव एकच असल्यामुळे चौघांतले फरक उठून दिसतात आणि राजपदाची हळूहळू उतरत गेलेली प्रतिष्ठाही दिसते. गुंता सोडवण्याकडून तुलनेकडे झालेला प्रवास इथे पुरा होतो.

मराठ्यांच्या इतिहासात असा ग्रंथ सहज होण्यासारखा आहे. संभाजीपुत्र शाहूंचे मूळ नाव आजोबांचेच, शिवाजी; ताराबाईंच्या मुलाचेही नाव शिवाजी. गादीच्या दोन्ही दावेदारांना एकच नाव मिळणे हा योगायोग नव्हता, त्या नावातच दावा होता. साताऱ्याचे शाहू (१६८२–१७४९) आणि कोल्हापूरचे राजर्षी शाहू (१८७४–१९२२) यांची गल्लत आजही भाषणांतून ऐकू येते. कागलच्या घाटग्यांच्या यशवंतरावांना हे नाव १८८४ मध्ये दत्तकविधानाबरोबर मिळाले, म्हणजे त्यांच्या बाबतीतही ते गादीचेच लेणे होते.

विसाव्या शतकाच्या अखेरीस दुसरी प्रेरणा उघडपणे पुढे आली, आणि ती आली विनोदाच्या अंगाने. ब्रिटिश विनोदकार डेव्ह गॉर्मन याने सहनिवासी डॅनी वॉलेसशी पैज लावून स्वतःच्या नावाची माणसे शोधायला सुरुवात केली. पत्त्यांच्या जोडातल्या जोकरांसह प्रत्येक पानामागे एक, असे चोपन्न डेव्ह गॉर्मन भेटायचे होते. रंगमंचावरचा प्रयोग, दूरचित्रवाणी मालिका आणि २००१ मधले पुस्तक अशा तीन रूपांत ही कथा आली. त्याच वर्षी अमेरिकी माहितीपटकार ॲलन बर्लिनर याने जगभरातून आपल्या नावाची बारा माणसे घरी जेवायला बोलावून त्यावर चित्रपट केला. पाहुण्यांत त्याच्याच व्यवसायातला बेल्जियन समनामीही होता. अँजेला शेल्टन हिने २००४ मध्ये हीच युक्ती गंभीर कामाला लावली. अमेरिकेतल्या तिच्याशी बोललेल्या अँजेला शेल्टनांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी लैंगिक किंवा शारीरिक अत्याचार सोसले होते. पुढे तिने त्यावर पुस्तकही लिहिले.

जपानमध्ये हिरोकाझू तानाका या गृहस्थांच्या छंदाची चळवळ झाली. १९९४ मध्ये याच नावाच्या बेसबॉल खेळाडूची निवड झाल्याची बातमी पाहून त्यांनी समनामी जमवायला घेतले, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये टोकियोत १७८ हिरोकाझू तानाका एकत्र आले. पुढच्याच वर्षी बेलग्रेडमध्ये २५६ मिलित्सा योवानोविचांनी तो विक्रम मोडला. नुसत्या पहिल्या नावाचा मेळावा याहून कितीतरी मोठा होतो: २०१७ मध्ये बोस्नियातल्या कुप्रेस गावी २,३२५ इव्हान जमले होते. असे मेळावे मजेचे असतात, पण त्यांतून पुस्तक उभे राहत नाही. नाव सारखे, यापलीकडे सांगण्यासारखे काही नसेल तर वाचक तिसऱ्या-चौथ्या समनामीपाशीच कंटाळतो.

ही मर्यादा ओलांडणारी दोन पुस्तके विशेष दखल घेण्याजोगी आहेत. पहिले २०१० मधले 'द अदर वेस मूर'. २००० साली बाल्टिमोरच्या वृत्तपत्रात वेस मूर नावाच्या तरुणाला ऱ्होड्स शिष्यवृत्ती मिळाल्याचे छापून आले. त्याच सुमारास त्याच पत्रात, एका सराफी दुकानावरचा दरोडा आणि पोलीस अधिकाऱ्याचा खून या प्रकरणी त्याच नावाच्या दुसऱ्या तरुणाचा शोध चालू असल्याच्या बातम्या येत होत्या. शिष्यवृत्ती मिळालेल्या वेस मूरने जन्मठेप भोगणाऱ्या वेस मूरशी पत्रव्यवहार केला, तुरुंगात भेटी घेतल्या आणि दोघांची आयुष्ये शेजारी-शेजारी मांडली. लेखक पुढे मेरिलँडचा गव्हर्नर झाला. पुस्तकाचे बळ नावात नाही. वय, शहर, वंश आणि बापाविना गेलेले बालपण एवढे सारखे असूनही वाटा कुठे फुटल्या, हा त्याचा प्रश्न आहे. नावामुळे तो प्रश्न लेखकाला टाळता आला नाही, इतकेच.

दुसरे पुस्तक निव्वळ पहिल्या नावाचे आहे आणि या विषयावरच्या आधुनिक लेखनात त्याची उंची सर्वांत जास्त आहे. 'नो लोगो' आणि 'द शॉक डॉक्ट्रिन' लिहिणारी नेओमी क्लाइन आणि 'द ब्यूटी मिथ' लिहिणारी नेओमी वुल्फ यांची लोक वर्षानुवर्षे गल्लत करत. दोघी ज्यू, दोघी सत्तेवर जाडजूड पुस्तके लिहिणाऱ्या. वुल्फ लसीकरणविरोधी कटकथांच्या वर्तुळात शिरली तेव्हा समाजमाध्यमांवर तिच्यावरची टीका क्लाइनच्या वाट्याला येऊ लागली. 'डॉपलगँगर' (२०२३) या पुस्तकात क्लाइनने या उपद्रवाचा पाठपुरावा करत अल्गोरिदम, महासाथ, स्वतःची जाहिरात करणारी माणसे आणि राजकारणातली प्रतिबिंबे इथपर्यंत मजल मारली. पुढच्या वर्षी ब्रिटनमध्ये स्त्रियांच्या ललितेतर लेखनासाठी नव्याने सुरू झालेला विमेन्स प्राइझ याच पुस्तकाला मिळाला. वेगळे काढण्याची जुनी धडपड आणि एकत्र पाहण्याची नवी जिज्ञासा या पुस्तकात एकाच वेळी काम करतात. 'ती मी नव्हेच' असे ठासून सांगणारी लेखिका पानागणिक समोरचीकडे अधिक बारकाईने पाहू लागते.

जानकी बखले यांच्या 'टू मेन अँड म्युझिक' (२००५) या ग्रंथाच्या शीर्षकात नाव नाही, पण त्यातले दोघेही विष्णू आहेत. विष्णू नारायण भातखंडे (१८६०–१९३६) आणि विष्णू दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१) या दोन महाराष्ट्रीयांनी हिंदुस्थानी संगीताला लिपी, पाठ्यक्रम आणि विद्यालये दिली. एकाचा ओढा शास्त्रनिष्ठ संशोधनाकडे, दुसऱ्याचा भक्तिभावाने भारलेल्या प्रसाराकडे. मराठीत त्यांचे नाव नेहमी जोडीने घेतले जाते, आणि जोडीने घेतले की फरक बोथट होतात. एकोणिसाव्या शतकातल्या पुण्यामुंबईत विष्णुशास्त्रीही दोन होते: विधवाविवाहाचा पुरस्कार करणारे पंडित आणि सुधारकांवर तुटून पडणारे 'निबंधमाला'कार चिपळूणकर.

समाजशास्त्रज्ञांसाठी नाव हे नमुना निवडण्याचे साधन आहे. अमेरिकेच्या सामाजिक सुरक्षा खात्याकडे १८८० पासूनच्या जन्मवर्षांची नावे आहेत. त्यांत १८८० ते १९४६ मुलींच्या नावांत मेरी सतत पहिली, तर १९७० ते १९८४ जेनिफर. स्टॅनली लीबरसन याने 'अ मॅटर ऑफ टेस्ट' (२०००) मध्ये अशाच आकडेवारीवरून दाखवले, की नावांची फॅशन बाहेरच्या घटनांइतकीच स्वतःच्या अंतर्गत लयीने बदलते. याचा अर्थ, एका नावाची माणसे गोळा करणे म्हणजे डोळे मिटून चिठ्ठ्या उचलणे नव्हे. त्या चिठ्ठ्यांवर पिढी, जात, धर्म आणि आई-बापांच्या आकांक्षा आधीच लिहिलेल्या असतात.

मराठीत हे तपासायला रमाबाई हे नाव पुरेसे आहे. १७७२ मध्ये थेऊरला सती गेलेल्या माधवराव पेशव्यांच्या पत्नी रमाबाई. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२). 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' लिहिणाऱ्या आणि सेवासदन उभारणाऱ्या रमाबाई रानडे. आणि १९३५ मध्ये निवर्तलेल्या रमाबाई आंबेडकर. यांतल्या मधल्या दोघी समकालीन होत्या. पंडिता रमाबाईंनी १८८२ मध्ये पुण्यात आर्य महिला समाज काढला तेव्हा न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी त्याच्या सभांना जात. पण रानड्यांच्या रमाबाई माहेरी यमुना होत्या, आणि डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशीही माहेरी यमुनाच. पंडिता रमाबाईंचे नाव मात्र जन्मापासूनचे. विवाहानंतरही ते बदलले नाही. लग्नात नाव बदलण्याच्या रूढीमुळे मराठी स्त्रियांचे समनामित्व अनेकदा सासरच्या निवडीतून आलेले असते, हे ध्यानात न घेता त्यांची तुलना केली तर ती फसते. आणखी एक गोष्ट: नुसते 'रमाबाई' म्हटल्यावर ऐकणाऱ्याच्या मनात यांपैकी कोण उभी राहते, यावरून तो कोणत्या वस्तीत आणि कोणत्या पुस्तकांवर वाढला याचा अंदाज बांधता येतो.

हा विषय आज निकडीचा झाला आहे तो संगणकीय नोंदींमुळे. २००१ नंतर अमेरिकी विमानतळांवरच्या संशयितांच्या यादीतले एक टोपणनाव त्यांच्या नावाशी जुळल्यामुळे सिनेटर एडवर्ड केनेडी यांनाही अनेकदा अडवले गेले. त्यांनी ते २००४ मध्ये जाहीरपणे सांगितले. ज्यांच्यामागे सिनेटरपद नव्हते त्यांची सुटका इतकी सोपी नव्हती. संशोधकांची गल्लत टाळण्यासाठी २०१२ पासून सोळा अंकी ऑर्किड क्रमांक आला. चित्रावशास्त्र्यांच्या कोशातल्या आकड्यांचीच ही जागतिक आवृत्ती म्हणायची. निवडणुकीत तर नामसाधर्म्य हे हत्यारच आहे. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत रायगडमध्ये सुनील तटकरे २,११० मतांनी हरले, आणि त्याच नाव-आडनावाच्या अपक्ष उमेदवाराला ९,८४९ मते पडली होती. निवडणूक आयोगाने २०१५ पासून मतपत्रिकेवर आणि मतदानयंत्रावर उमेदवाराचे छायाचित्र लावायला सुरुवात केली, ती अशा गल्लतीवर उपाय म्हणून.

प्रस्तुत संग्रह या सगळ्या परंपरेची ओळख करून देत असला, तरी तो कोश नाही आणि विक्रमांची यादीही नाही. प्रत्येक निबंध एक नाव घेतो आणि दोन ते पाच व्यक्तींपाशी थांबतो. निवडीची कसोटी एकच ठेवली आहे: नाव सारखे असल्यामुळे प्रत्यक्ष जगात काहीतरी घडलेले असले पाहिजे. कुणाचे कर्तृत्व दुसऱ्याच्या खात्यावर गेले असेल, कुणाचा हक्क नावावरून सांगितला किंवा नाकारला गेला असेल, कुणाची तुलना पिढ्यान्पिढ्या लादली गेली असेल. निव्वळ योगायोग, कितीही चमत्कारिक असला, तरी बाहेर ठेवला आहे. त्यामुळे काही लोकप्रिय जोड्या वाचकाला इथे भेटणार नाहीत.

व्यक्तींना क्रमांक दिलेले नाहीत. मजकुरात पहिल्यांदा पूर्ण नाव आणि पुढे संदर्भाप्रमाणे गाव, नाते किंवा आडनाव, ही मराठी बोलण्यातली रीतच पाळली आहे. स्त्रियांची माहेरची नावे जिथे निश्चित आहेत तिथे दिली आहेत. पुरुषांच्या चरित्रांत नावे बदलण्याचे प्रसंग, दत्तकविधान, दीक्षा आणि टोपणनावे, यांनाही तेवढीच जागा आहे. ज्या रचनांचा कर्ता कोणता समनामी हे पुराव्याने ठरत नाही, त्या कोणा एकाच्या पदरात टाकलेल्या नाहीत. नामदेव आणि विष्णुदास नामा यांच्यावरच्या निबंधात अशा अभंगांची चर्चा वेगळ्या भागात आहे.